कुमाएची सिबिल तांब्याच्या पत्र्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जो गिझी या इटालियन कोरक्याने १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक मोठं ताम्रकोरीव चित्र केलं. व्हॅटिकनमधल्या पोपच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगवलेली कुमाएची सिबिल त्याने काळ्या रेघांत उतरवली. वर्षानुवर्षं मी हे चित्र लोकांना दाखवत आलो आहे आणि त्याबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही सोडत नाहीत.

सिबिल म्हणजे कोण?

ग्रीक आणि रोमन परंपरेतली भविष्य सांगणारी स्त्री. सुरुवातीला ती एकच होती असं दिसतं. तिचा सर्वांत जुना उल्लेख हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वचिंतकाचा आहे आणि तो प्लुटार्क या ग्रीक लेखकामुळे आपल्यापर्यंत पोचला. वेड्या मुखाने, हसू न आणणारं, साजशृंगार नसलेलं बोलणारी सिबिल, देवाच्या बळावर तिचा आवाज हजार वर्षं पोचतो, अशा आशयाचं ते वाक्य आहे. पुढे गावोगावी सिबिली झाल्या आणि ते व्यक्तिनाम राहिलं नाही, पदनाम बनलं.

रोमन विद्वान व्हारोने दहा सिबिलींची यादी केली : पर्शियन, लिबियन, डेल्फीची, सिमेरियन, एरिथ्रीची, सामोसची, कुमाएची, हेलेस्पाँटची, फ्रिजियन आणि टिबुरची. व्हारोचा मूळ ग्रंथ हरवला. ही यादी टिकली ती चौथ्या शतकातल्या लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने उतरवून घेतल्यामुळे. पंधराव्या शतकात तिच्यात युरोपा आणि अग्रिपा ही दोन नावं घातली गेली. मग बायबलमधल्या बारा संदेष्ट्यांसमोर बारा सिबिली अशी जोडी जमली.

डेल्फीची पिथिया आणि सिबिल एकच का?

नाही. पिथिया ही ग्रीसमधल्या डेल्फीच्या, अपोलो या देवाच्या देवळातली नेमलेली पुजारीण. लोक प्रश्न घेऊन यायचे, ठरावीक दिवशी ती उत्तर द्यायची. आपल्याकडे कोकण-गोव्यात देवाला कौल लावतात, त्याच्याशी तिचं काम थोडं जुळतं. सिबिलला कोणी विचारावं लागत नाही. ती आपणहून बोलते, शहरांच्या आणि राज्यांच्या उत्थान-पतनाबद्दल बोलते आणि तिचे शब्द लिहून ठेवले जातात. म्हणूनच चित्रकारांनी सिबिलच्या हाती जवळजवळ नेहमी पुस्तक किंवा गुंडाळी दिली. ‘डेल्फीची सिबिल’ ही पिथियाहून वेगळी आहे. या नावामुळे गोंधळ होतो, तो साहजिकच आहे.

कुमाए कुठे आहे?

इटलीत, नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्रकाठी. इटलीच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत जुनी ग्रीक वसाहत, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली. टेकडीवर अपोलोच्या देवळाचे अवशेष आहेत. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांनी तिथली खडकात कोरलेली एक लांबलचक वाट हीच सिबिलची गुहा म्हणून जाहीर केली. वर निमुळती होत जाणारी ती समलंब वाट सव्वाशे मीटरहून लांब आहे आणि बाजूच्या झरोक्यांतून तिच्यात उजेडाचे पट्टे पडतात. पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांना ती संरक्षणासाठी केलेली लष्करी वाट वाटते. तरी तिथे जाणारे आत गेल्यावर आवाज खाली आणतात.

तिच्याबद्दलच्या कथा कोणत्या?

तीन कथा माहीत असल्या की गिझीचं चित्र पुरतं वाचता येतं.

पहिली रोमच्या राजाची. एक अनोळखी म्हातारी टार्क्विन राजाकडे नऊ पुस्तकं विकायला आली. (हा टार्क्विन पहिला की शेवटचा, यावर प्राचीन लेखकांचंच एकमत नाही.) किंमत ऐकून राजा हसला. तिने तीन पुस्तकं त्याच्यासमोर जाळली आणि उरलेल्या सहांची तीच किंमत सांगितली. तो पुन्हा हसला, तिने आणखी तीन जाळली. किंमत तीच. आता राजा गंभीर झाला आणि नऊ पुस्तकांचे पैसे मोजून त्याने तीन घेतली. भाव न सोडणारी अशी विक्रेती साऱ्या प्राचीन वाङ्मयात दुसरी मला भेटलेली नाही. तिचा धाक किंमत वाढवण्यात नाही. ती किंमत तशीच ठेवते आणि माल आगीत घालते.

दुसरी व्हर्जिल या रोमन कवीची. त्याच्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात नायक ईनियसला आधीच सावध केलं जातं : ही सिबिल भविष्य झाडाच्या पानांवर लिहिते आणि पानं गुहेत क्रमाने लावून ठेवते. दार उघडलं की वाऱ्याने ती विस्कटतात आणि ती पुन्हा जुळवायची तसदी ती घेत नाही. म्हणून सहाव्या सर्गात ईनियस तिला विनवतो की पानांवर लिहू नकोस, तोंडाने सांग. मग तिच्या अंगात येतं. आपल्याकडे ‘अंगात येणं’ पाहिलेल्या माणसाला व्हर्जिलच्या त्या ओळी परक्या वाटणार नाहीत. चेहऱ्याचा रंग पालटतो, केस सुटतात, छाती धपापते, आवाज माणसाचा राहत नाही. अपोलो तिला घोड्यासारखी काबूत आणतो. त्यानंतर ती ईनियसला पाताळात घेऊन जाते आणि वाटेवर पाय ठेवण्याआधीच बजावते की उतरणं सोपं आहे, दार रात्रंदिवस उघडं असतं. पावलं मागे फिरवून वरच्या हवेत येणं, खरं काम ते आहे.

तिसरी ओव्हिड या रोमन कवीची आणि तीच मला सर्वांत लागते. अपोलोने प्रसन्न होऊन ‘हवं ते माग’ म्हटलं. तिने धुळीची मूठ उचलली आणि ‘यात कण आहेत तेवढी वर्षं दे’ म्हणाली. तारुण्य मागायला ती विसरली. प्रेम स्वीकारलंस तर तेही देतो असं अपोलो म्हणाला, पण तिने त्याच्या प्रेमाला नकार दिला. आता सातशे वर्षं झाली आहेत, तीनशे उरली आहेत, आपण आक्रसत जाऊ, कोणाला दिसेनाशा होऊ, फक्त आवाजावरून ओळखलं जाईल, असं ती ईनियसला सांगते. मराठी वाचकाला इथे अश्वत्थामा आठवतो, पण त्याला शाप होता आणि हिने वर मागितला होता. पेत्रोनियस या रोमन लेखकाकडे ही गोष्ट शेवटाला जाते : कुमाएला एका कुपीत टांगलेली सिबिल, आणि मुलं विचारतात, “सिबिल, तुला काय हवंय?” ती म्हणते, “मला मरायचंय.”

रोमने घेतलेल्या त्या तीन पुस्तकांचं पुढे काय झालं?

ती कॅपिटोलिन टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळात ठेवली होती आणि त्यांच्यावर खास अधिकारी नेमलेले होते. आधी दोन, मग इसवी सनापूर्वी ३६७ पासून दहा, पुढे पंधरा. रोगराई, पराभव, अशुभ चिन्हं असं काही घडलं की सिनेटच्या हुकमाने पुस्तकं उघडत. उत्तरात बहुधा ‘काय होईल’ हे नसे, ‘कोणता विधी करा’ हे असे. हॅनिबलशी युद्ध चालू असताना याच पुस्तकांच्या सांगण्यावरून इसवी सनापूर्वी २०४ मध्ये आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, सिबेली देवी रोममध्ये आणली गेली. (या देवीचं नाव ‘सिबिल’ शब्दासारखं दिसतं, पण दोन्हींचा संबंध नाही.)

इसवी सनापूर्वी ८३ मध्ये देऊळ जळालं आणि पुस्तकंही गेली. मग दूत पाठवून निरनिराळ्या गावांतून सिबिलींची वचनं पुन्हा गोळा केली. ऑगस्टसने ती पॅलटाइन टेकडीवरच्या अपोलोच्या देवळात हलवली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सेनापती स्टिलिकोने ती जाळली, असं एक रोमन कवी चिडून लिहितो.

ती खरंच भानावर नसताना बोलायची?

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याला ते पटलं नव्हतं. भविष्यकथनावरच्या त्याच्या ग्रंथात तो साधा मुद्दा मांडतो : सिबिलच्या पद्यांत ओळींच्या आद्याक्षरांतून शब्द तयार होतात. असं रचायला डोकं शांत लागतं, लक्ष लागतं. वेडाच्या भरात हे होत नाही. आद्याक्षरी रचना कधी करून पाहिली असेल तर सिसेरोचं म्हणणं लगेच पटतं.

मूर्तिपूजकांची भविष्यवादिनी पोपच्या चॅपेलमध्ये कशी आली?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो योग्यच आहे.

दोन दोरे आहेत. पहिला व्हर्जिलचा. इसवी सनापूर्वी ४० च्या सुमारास लिहिलेल्या चौथ्या गोपकाव्यात तो म्हणतो की कुमाएच्या गीतातलं शेवटचं युग आता आलं, कुमारी परत येत आहे, एक बालक जन्माला येत आहे आणि त्याच्याबरोबर सुवर्णयुग सुरू होईल. व्हर्जिलच्या मनात रोममधलं एखादं बाळ असावं. त्याच्या कुमारीचा अर्थही न्यायदेवता असा आहे. पण तीनशे वर्षांनी ख्रिस्ती वाचकांच्या हाती या ओळी आल्या तेव्हा त्यांना त्यांत मेरी आणि येशू दिसले. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावर असलेल्या एका भाषणात हाच अर्थ लावलेला आहे.

दुसरा दोरा ‘सिबिलीन वचनां’चा. ग्रीक षट्पदी छंदातली ही बारा पुस्तकं आज उपलब्ध आहेत आणि ती रोमच्या जळालेल्या पुस्तकांहून पूर्ण वेगळी आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती लेखकांनी काही शतकांच्या काळात सिबिलच्या तोंडी घालून ती रचली. एका रचनेत ओळींची आद्याक्षरं जोडली की ‘येशू ख्रिस्त, देवपुत्र, तारणहार’ असे ग्रीक शब्द निघतात. संत ऑगस्टिनने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या अठराव्या खंडात ही रचना उतरवली आणि सिबिलला देवाच्या नगरीतली नागरिक ठरवलं. सिसेरोने ज्या कलाकुसरीवरून शंका घेतली होती, तीच इथे पुरावा झाली!

मग मध्ययुगभर सिबिल चर्चमध्येच राहिली. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनागीतात शेवटच्या दिवसाचे साक्षीदार म्हणून दावीद आणि सिबिल यांची नावं जोडीने येतात. सिएनाच्या कॅथेड्रलच्या फरशीवर १४८० नंतर दहा सिबिली संगमरवरात जडवल्या गेल्या. १५०८ ते १५१२ या काळात मायकेलअँजेलोने सिस्टाइनचं छत रंगवलं, तेव्हा सात संदेष्ट्यांसोबत पाच सिबिली बसवणं कोणालाच खटकण्यासारखं नव्हतं. ज्यूंना संदेष्ट्यांनी सांगितलं, इतरांना सिबिलींनी, असा तो हिशोब होता.

या चित्रातली सिबिल म्हातारी आणि इतकी धिप्पाड का?

म्हातारी का, ते ओव्हिडने सांगितलं : तिला सातशे वर्षं झाली आहेत.

धिप्पाड का, याचं लेखी उत्तर मायकेलअँजेलोने ठेवलेलं नाही. माझं मत असं : त्याला वय दाखवायचं होतं, पण दुबळेपण दाखवायचं नव्हतं. चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, कातडी ओघळली आहे, डोक्याला फडकं बांधलं आहे, आणि दंड मात्र नांगर धरणाऱ्या माणसाचे आहेत. हातातलं पुस्तक तिच्या मानानेच मोठं आहे. पाठीमागे दोन उघडी मुलं तिच्याबरोबर पुस्तकात डोकावताहेत. छतावरची तरुण डेल्फीची सिबिल गुंडाळी धरून दुसरीकडेच पाहते, लिबियन सिबिल अंग पिळवटून पुस्तक उचलते, पर्शियन म्हातारी अक्षरं दिसत नसल्यासारखं पुस्तक डोळ्यांजवळ नेते. कुमाएची तेवढी ठाण मांडून वाचते. जे लिहिलं आहे ते ठाऊक असूनही पुन्हा वाचणारी बाई आहे ही.

मग गिझीने फक्त नक्कल केली का?

हा प्रश्न मला दुखावतो, तरी उत्तर नीट द्यायला हवं.

सिस्टाइनचं छत जमिनीपासून सुमारे २० मीटर उंच आहे. सोळाव्या शतकात ते पाहायला रोमला जावं लागे आणि पोपच्या चॅपेलमध्ये शिरकाव मिळावा लागे. वर पाहिलं तरी मान दुखेपर्यंत जे दिसेल तेच दिसे. गिझीने ती आकृती अर्ध्या मीटरहून थोड्या उंच कागदावर आणली आणि कोणालाही टेबलावर ठेवून पाहता येईल अशी केली. छतावरचे रंग त्याला उपलब्ध नव्हते. त्याच्याकडे होती शाई आणि कागदाचा पांढरा. पिवळ्या वस्त्राची चमक, निळ्याची खोली, म्हाताऱ्या कातडीचं मऊपण, हे सगळं त्याला रेघेची जाडी, रेघांमधलं अंतर आणि रेघेची दिशा यांतून सांगायचं होतं. हे भाषांतर आहे. चांगल्या भाषांतरकाराइतकाच मान गिझीला द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

भिंग घेऊन तिच्या दंडाकडे पाहा. रेघ स्नायूच्या गोलाईवरून वळत जाते, उजेडाकडे बारीक होते, सावलीकडे जाड होते. तिच्यावरून दुसऱ्या दिशेच्या रेघा जातात आणि जाळं तयार होतं. पूर्ण उजेडात रेघ थांबते आणि नुसते ठिपके उरतात. शेवटी नुसता कागद. लांबून पाहताना हा दंड मांसाचा वाटतो.

सिस्टाइनच्या छतावरच्या आकृतींची गिझीने एक मालिकाच केली, तिच्यात सहा चित्रं. त्यांत चार सिबिली आणि दोन संदेष्टे आहेत.

गिझी कोण होता?

जन्म १५२०, मान्तुआ. मृत्यू १५८२, तिथेच. मधल्या काळात रोम, अँटवर्प आणि फ्रान्स. अँटवर्पला हिएरोनिमस कॉक हा मोठा छापचित्र-प्रकाशक होता. त्याच्यासाठी गिझीने १५५० मध्ये राफाएलच्या ‘अथेन्सची विद्यापीठसभा’ या भित्तिचित्राचं दोन पत्र्यांवर कोरीव काम केलं. गंमत अशी की त्या छापावरच्या मजकुरात ते चित्र संत पॉल अथेन्समध्ये बोलत असल्याचं म्हटलं आहे. राफाएलचे तत्त्वज्ञ उत्तरेत पोचले ते असे.

तो शस्त्रांवरही काम करायचा. पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून नक्षी काढण्याची कला, जिला आपल्याकडे कोफ्तगरी म्हणतात, ती त्याला अवगत होती. त्याने सही केलेली १५५४ ची एक शोभेची ढाल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रेघ धातूत कशी बसते हे त्याच्या हाताला आधीपासून माहीत होतं, हे ती ढाल पाहिल्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १५६१ मध्ये त्याने ‘राफाएलचं स्वप्न’ या नावाने ओळखलं जाणारं एक विलक्षण चित्र कोरलं. खडकाळ किनाऱ्यावर झाडाला टेकलेला हताश म्हातारा, फुटलेली नाव, भोवती भयाण पाणी, आणि दुसऱ्या बाजूने येणारी एक स्त्री. तिच्या खाली लॅटिन ओळ आहे : संकटांपुढे वाकू नकोस, उलट अधिक धीटपणे सामोरा जा. व्हर्जिलच्या सहाव्या सर्गात हे शब्द ईनियसला कोण सांगतं? कुमाएची सिबिल. म्हणजे तिचा चेहरा कोरण्याआधी दहाएक वर्षं गिझीने तिचे शब्द कोरले होते.

जुन्या पुस्तकांत ‘डायना गिझी’ हे नाव दिसतं. ती त्याची बहीण का?

नाही. ती डायना स्कुल्तोरी, मान्तुआच्याच जोव्हान्नी बात्तिस्ता स्कुल्तोरी या कोरक्याची मुलगी. दोन घराण्यांची सरमिसळ होऊन जुन्या सूचींत तिला आणि तिचा भाऊ आदामो याला ‘गिझी’ आडनाव चिकटलं. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने आपल्या ग्रंथाच्या १५६८ च्या आवृत्तीत तिची तोंड भरून स्तुती केली आहे. १५७५ मध्ये तिला स्वतःची चित्रं स्वतःच्या नावाने छापून विकण्याचा पोपचा परवाना मिळाला, जो त्या काळच्या स्त्रीसाठी फार मोठा होता. आदामोनेही सिस्टाइनच्या छतावरच्या सत्तरहून अधिक आकृती छोट्या पत्र्यांवर कोरल्या. मान्तुआसारख्या एका गावातून हे छत दोन वेगवेगळ्या हातांनी जगात गेलं.

सिबिलीचं हेच पहिलं कोरीव चित्र का?

मुळीच नाही. शंभर वर्षं आधी, १४७० च्या दशकात, फ्लॉरेन्समध्ये २४ संदेष्टे आणि १२ सिबिली यांची पूर्ण मालिका निघाली. ती बाच्चो बाल्दिनी या सोनाराची मानली जाते. प्रत्येकीच्या खाली इटालियन पद्याच्या ओळी आहेत, फ्लॉरेन्समध्ये होणाऱ्या धार्मिक नाटकांशी जुळणाऱ्या. काही आकृतींची बैठक तर जर्मन कोरक्याच्या छापांवरून उचललेली आहे. बाल्दिनीची रेघ बारीक आणि भरजरी आहे, शेल्यावरच्या कलाबतूसारखी. त्याच्या सिबिली जत्रेला नटून निघाल्यासारख्या दिसतात. गिझीची सिबिल नटलेली नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, शंभर वर्षांत रेघेचं काय झालं ते समजतं.

पत्र्यावरून कागदावर चित्र कसं येतं?

तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून घेतात. त्याच्यावर आकृती हलकेच उतरवतात. मग कोरणी. तिचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि मूठ तळहातात बसते. कोरणी पुढे ढकलायची, ओढायची नाही. वळणदार रेघेसाठी हात वळत नाही. चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच दुसऱ्या हाताने फिरवतात. निघालेली तांब्याची कड खरवडून टाकतात. शाई चोळून खाचांत भरतात आणि पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. ओला केलेला कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून जोराने नेतात, मग कागद खाचांत शिरून शाई उचलतो. छाप उलटा येतो, म्हणून मूळ चित्राशी दिशा जुळवायची असेल तर पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं कोरावं लागतं.

चुकलेली रेघ खोडता येत नाही. मागून ठोकून आणि वरून घासून ती जागा सपाट करावी लागते, तेव्हा दुसरी संधी मिळते.

हे तंत्र सोनारांच्या दुकानातून आलं. तारीख घातलेलं सर्वांत जुनं ज्ञात ताम्रकोरीव चित्र १४४६ चं, जर्मन आहे.

आपल्या भागाशी याचा काही संबंध?

गिझीच्या सिबिलशी थेट नाही आणि तो ओढूनताणून जोडू नये. पण युरोपातली कोरीव चित्रं भारतात आली ती गोव्यामार्गे, आणि त्याच काळात. १५७९ च्या अखेरीस जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबरापुढे पोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल नजर केलं, ज्यात कोरीव चित्रं होती. केशवदासासारख्या दरबारी चित्रकारांनी अशा छापांवरून रंगीत चित्रं केली. गिझीच्या गावात त्याचा पत्रा अजून नवा असताना इकडे त्याच्या व्यवसायबंधूंच्या रेघा वाचल्या जात होत्या.

तांब्यावर कोरून छापण्याचा आपला स्वतःचा अध्यायही आहे. पेशवाईच्या शेवटच्या पर्वात नाना फडणवीसांच्या पुढाकाराने पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि १८०५ मध्ये मिरजेत अशा पत्र्यांवरून गीता छापली गेली. उलटी देवनागरी अक्षरं तांब्यात कोरणारा तो कारागीर आणि मान्तुआचा गिझी समोरासमोर बसले असते तर हत्यारांबद्दल बोलायला त्यांना दुभाषा फारसा लागला नसता.

छापाच्या कडेला लॅटिन शब्द असतात, त्यांचा अर्थ?

‘इन्व्हेनिट’ म्हणजे कल्पना ज्याची, ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवलं ज्याने, ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘फेचिट’ म्हणजे कोरलं ज्याने, ‘एक्स्कुदिट’ म्हणजे प्रकाशक. कोरक्याचा मृत्यू झाला तरी पत्रा विकला जायचा. नवा मालक आपलं नाव घालून पुन्हा छापायचा. पत्र्यावरच्या अशा प्रत्येक बदलाला छापाची ‘अवस्था’ म्हणतात.

घरात जुना छाप सापडला, खरा कसा ओळखायचा?

आधी भिंग. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापखान्यातली फोटो-नक्कल आहे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची. कोरीव छापातली रेघ सलग असते, टोकाला निमुळती होते आणि बोटाला किंचित उंच लागते. (बोट लावायचं ते कडेच्या जागी, स्वच्छ हाताने, एकदाच.) मग कागद उजेडासमोर धरा. हातकागदात समांतर रेषा आणि कधी जलचिन्ह दिसतं. पत्र्याच्या कडांचा दाब उमटलेला आहे का पाहा, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, कारण काही फोटो-प्रक्रियांतही तो येतो आणि खऱ्या जुन्या छापांच्या कडा पुष्कळदा कापलेल्या असतात. पत्रा झिजल्यावर काढलेल्या प्रती फिक्या असतात. जाळ्यातली बारीक रेघ आधी मरते.

चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर कधीच नाही.

छतावरचे रंग आता स्वच्छ झाले आहेत, इंटरनेटवर फोटो आहेत. मग काळं-पांढरं चित्र कशाला पाहायचं?

१९८० च्या दशकात छताची सफाई झाली आणि दडलेले रंग वर आले, हे खरं. फोटो जरूर पाहा. पण फोटोत मला सिबिल एका क्षणात दिसते आणि मी पुढे जातो. गिझीच्या चित्रात ती हळूहळू दिसते, कारण ती हळूहळू केलेली आहे. कपाळावरची एक सुरकुती त्याने कुठे सुरू केली, कुठे उचलली, कुठे दोन सुरकुत्यांमध्ये कागद मोकळा सोडला, हे बघता बघता मायकेलअँजेलोचा निर्णयही उलगडतो. एका मोठ्या माणसाने दुसऱ्याचं काम इतक्या जवळून पाहिलेलं आपल्याला तिथे वाचायला मिळतं.

प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

गिझीची चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि युरोपातल्या इतर मोठ्या मुद्राचित्र संग्रहांत आहेत. ती बहुधा भिंतीवर नसतात, कारण उजेडाने कागद खराब होतो. प्रदर्शनातही प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंतच ठेवतात. मोठ्या संग्रहालयांत मुद्राचित्रांची अभ्यासिका असते. आधी लिहून वेळ ठरवली तर सर्वसामान्य माणसालाही पेटी काढून दाखवतात. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं : एकदा ही वेळ मागाच. पेन नेऊ नका, पेन्सिल चालते. हात धुऊन जा. छाप समोर आला की आधी लांबून पाहा, मग भिंगाने दंडापासून सुरुवात करा आणि चेहऱ्याकडे शेवटी जा.

इथून जायचं जमत नसेल तर या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत आहेत. पुस्तकाचं पान पडद्यावर पूर्ण भरेल इतकी प्रतिमा मोठी करा. तिची बोटं पानावर कुठे टेकली आहेत ते पाहा.